उघड्यावरील छायाचित्रणासाठी स्थळाची निवड

इ. स. १८६६ मध्ये सॅम्युअल बोर्न हा इंग्रज छायाचित्रकार हिमालयातील मणिरंग खिंडीत जाऊन पोहोचला आणि सुमारे १८,६०० फूट उंचीवर त्याने आपला कॅमेरा मांडला. त्या काळी छायाचित्रणाची पद्धत ओल्या काचेची होती. काचेच्या तक्त्यावर कोलोडियनचा थर द्यावयाचा, तो चांदीच्या क्षाराच्या द्रावणात बुडवावयाचा, ओला असतानाच कॅमेऱ्यात घालून चित्र घ्यावयाचे आणि थर सुकण्यापूर्वी काळोख्या तंबूत ते धुऊन काढावयाचे, हा सारा खटाटोप प्रत्येक चित्रासाठी जागच्या जागी करावा लागे. काचा, रसायने आणि तंबू वाहून नेण्यासाठी हमालांचा तांडा बरोबर असे. एवढे श्रम करूनही एका दिवसात फार थोडी चित्रे हाती लागत. त्यामुळे कॅमेरा कोठे मांडावयाचा, याचा निर्णय सामानाची पेटी उघडण्यापूर्वीच पुरा व्हावा लागे.

आज एका दुपारी शेकडो चित्रे घेता येतात आणि नको असलेली तेथल्या तेथे पुसूनही टाकता येतात. परंतु जागा चुकीची निवडली असेल, तर चित्रांची संख्या वाढवून ती चूक भरून निघत नाही. हौशी छायाचित्रकाराचे एक बरे असते; आज जमले नाही तर तो उद्या पुन्हा येऊ शकतो. व्यावसायिकाला ती मुभा नसते. त्याच्याकडे येणाऱ्या माणसाने दिवस ठरविलेला असतो, पैसे मोजलेले असतात आणि पुष्कळदा तो प्रसंगही पुन्हा येणारा नसतो. लग्नाची जोडी, परदेशी निघालेला मुलगा, चार पिढ्या एकत्र आलेले कुटुंब यांना पुढच्या आठवड्यात पुन्हा या, असे सांगता येत नाही. म्हणून स्थळाचा शोध हा व्यावसायिकाच्या कामाचा पूर्वार्धच समजला पाहिजे. या पूर्वपाहणीला व्यवसायातील मंडळी ‘रेकी’ म्हणतात. ती करताना काय पाहावे, हे या प्रकरणात सांगावयाचे आहे.

आरंभीच एक भेद स्पष्ट करणे आवश्यक आहे. सुंदर स्थळ आणि उपयुक्त स्थळ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. प्रवासी ज्या देखाव्यासमोर थक्क होऊन उभा राहतो, त्याच ठिकाणी भर दुपारी माणसाचे चित्र घेतले तर डोळ्यांच्या जागी दोन काळे खड्डे तेवढे दिसतात. उलट, चुन्याने रंगविलेली एखादी जुनी भिंत आणि तिच्यासमोरचा चिंचोळा बोळ यांकडे कोणी ढुंकूनही पाहत नाही; पण तेथे चेहरा उजळून निघतो. छायाचित्रकार स्थळ शोधतो म्हणजे मुख्यतः प्रकाश शोधतो. देखावा त्यानंतर येतो.

दिशा आणि वेळ

कोणत्याही जागी गेल्यावर पहिला प्रश्न विचारावयाचा तो असा : हिचे तोंड कोणत्या दिशेला आहे? काशीचे घाट हे याचे उत्तम उदाहरण. गंगा एकंदरीत पूर्वेकडे वाहणारी नदी असली, तरी वाराणसीजवळ ती उत्तरवाहिनी होते. शहर आणि घाट तिच्या पश्चिम तीरावर आहेत, आणि समोरचे पूर्वतीर वाळवंटासारखे मोकळे आहे. त्यामुळे सूर्य उगवताच त्याचे पहिले किरण कोणत्याही अडथळ्यावाचून सरळ घाटांच्या पायऱ्यांवर येतात. संध्याकाळी हीच जागा वेगळी होते; सूर्य शहराच्या मागे उतरतो आणि घाट छायेत जातात. सकाळचे चित्र मनात धरून सायंकाळी तेथे जाणाऱ्याला स्थळाने फसविले असे वाटते. खरे पाहता त्याने फक्त दिशा विचारात घेतलेली नसते.

वेरूळची लेणी याच्या उलट आहेत. तेथील डोंगराचा कडा पश्चिमाभिमुख आहे, आणि कैलास लेण्याचे प्रवेशद्वारही पश्चिमेलाच आहे. सकाळी दर्शनी भाग झाकोळलेला असतो. दुपार कलल्यावर ऊन कोरीव कामावर तिरपे पडू लागते आणि मूर्तींना उठाव येतो. मुंबईचे गेटवे ऑफ इंडिया समुद्राच्या काठी आहे आणि समुद्र त्याच्या पूर्वेला आहे. समोरच्या प्रांगणात उभे राहणाऱ्याला सकाळी सूर्य कमानीच्या मागे दिसतो, आणि दुपारनंतर तो त्याच्या पाठीशी येतो. पर्यटकांची चित्रे काढून तेथल्या तेथे छापून देणारे छायाचित्रकार या प्रांगणात वर्षानुवर्षे काम करीत आले आहेत. कोणत्या तासाला माणसाला कोठे उभे करावयाचे, हे त्यांना पाठ असते. अशा मंडळींशी दहा मिनिटे बोलणे हे कित्येकदा नकाशा पाहण्यापेक्षा अधिक फलदायी ठरते.

दिशा एकदा पाहिली म्हणजे काम संपले असे मात्र नाही, कारण सूर्य रोज एकाच बिंदूवर उगवत नाही. २१ मार्च आणि २३ सप्टेंबर या सुमारास तो बरोबर पूर्वेला उगवतो. दिल्लीच्या अक्षांशावर जूनमध्ये तो पूर्वेच्या सुमारे २७ अंश उत्तरेला सरकलेला असतो, तर डिसेंबरमध्ये तेवढाच दक्षिणेला. याचा परिणाम प्रत्यक्षात किती होतो, हे आग्र्याला पाहता येते. यमुनेच्या उत्तर तीरावरील मेहताब बागेतून ताजमहालाची उत्तरेकडील बाजू दिसते. सप्टेंबरअखेरपासून मार्चच्या मध्यापर्यंत या बाजूवर थेट ऊन पडतच नाही. ते पूर्व अथवा पश्चिम अंगाला स्पर्श करून जाते. उन्हाळ्यात मात्र सकाळी आणि सायंकाळी तिरपी उन्हे या बाजूवरही येतात. बाग तीच आणि इमारतही तीच; सहा महिन्यांनी चित्र मात्र निराळे.

घड्याळाविषयीही सावध राहिले पाहिजे. साऱ्या देशाची प्रमाणवेळ ८२.५ अंश पूर्व रेखांशावरून ठरते. सूर्य मात्र प्रत्येक रेखांशाला आपल्या वेळी येतो. आसामातील दिब्रुगड आणि सौराष्ट्रातील द्वारका यांच्यात सूर्याच्या हिशेबाने सुमारे पावणेदोन तासांचे अंतर आहे. कोलकात्याला जे ऊन सकाळी आठ वाजता मिळते, ते मुंबईत त्याच वेळी मिळेल असे धरून चालता येत नाही. जयपूरच्या जंतरमंतरमधील सुमारे २७ मीटर उंचीच्या सम्राट यंत्राची सावली सेकंदाला जवळजवळ एक मिलिमीटर सरकताना डोळ्यांनी दिसते. छायाचित्रकाराने ती एकदा अवश्य पाहावी. कपडे बदलण्यात अर्धा तास गेला म्हणजे हातचा प्रकाश किती पुढे निघून जातो, याची कल्पना तेथे येते.

सूर्याची उंची

सूर्य किती उंच आहे, हे मोजण्याचे सर्वांत सोपे साधन म्हणजे आपली स्वतःची सावली. सावली आपल्या उंचीपेक्षा लांब असेल, तर सूर्य क्षितिजापासून ४५ अंशांच्या आत आहे असे समजावे. अशा वेळी ऊन कपाळाखालून डोळ्यांपर्यंत पोहोचते. सावली उंचीपेक्षा आखूड झाली, की भुवया, नाक आणि हनुवटी यांच्या छाया चेहऱ्यावर लांबू लागतात. त्यानंतर उघड्या उन्हात व्यक्तिचित्र घेण्याचा आग्रह धरू नये.

या साध्या नियमावरून देशातील निरनिराळ्या प्रदेशांचे वेळापत्रक बांधता येते. दिल्लीत २२ डिसेंबरच्या माध्यान्ही सूर्य सुमारे ३८ अंशांवर असतो; जूनमध्ये तो ८५ अंशांपर्यंत चढतो. म्हणजे नोव्हेंबरच्या दुसऱ्या आठवड्यापासून जानेवारीअखेरपर्यंत तेथे दिवसभरात केव्हाही सावली उंचीपेक्षा लांबच राहते. धुके नसेल तर दुपारी बारालाही काम करता येते. मुंबईत ही सवलत नाही. डिसेंबरातही तेथे माध्यान्हीचा सूर्य ४८ अंशांच्या जवळपास असतो, आणि कन्याकुमारीला तो ५८ अंशांच्या खाली येतच नाही. शिवाय मुंबईच्या अक्षांशावर वर्षातून दोन वेळा, मेच्या मध्यास आणि जुलैच्या अखेरीस, सूर्य नेमका डोक्यावर येतो. शून्य सावलीचा दिवस म्हणतात तो हाच. दक्षिणेकडे जावे तसतसा सूर्य अधिक उभ्या रेषेत मावळतो आणि संधिप्रकाशही लवकर ओसरतो. काश्मीरमध्ये काम केलेल्या माणसाने केरळात सायंकाळी निवांत राहू नये. तेथे तिन्हीसांजा फार थोडा वेळ टिकतात.

सावलीतील प्रकाश

दुपारी काम करणे भाग पडले तर काय करावे? याचे उत्तर आपल्या जुन्या घरांच्या रचनेतच आहे. ओसरी, व्हरांडा, देवडी, वाड्याचा चौक या जागांवर थेट ऊन पडत नाही. परंतु समोरच्या मोकळ्या आकाशाचा आणि उजळलेल्या भिंतींचा प्रकाश तेथे सर्व बाजूंनी पसरून येतो. प्रकाश जितक्या मोठ्या पृष्ठभागावरून येईल, तितकी त्याची छाया मऊ असते. सूर्य हा आकाशातला एक लहानसा ठिपका असल्यामुळे त्याची छाया धारदार पडते. चौकावरचे आकाश अथवा उन्हात न्हालेली पांढरी भिंत हा मोठा पृष्ठभाग असल्यामुळे चेहऱ्यावरील रेषा तेथे निवळतात.

छायाप्रकाशकार सुब्रत मित्र यांनी ही गोष्ट नेमकी हेरली होती. सत्यजित राय यांच्या ‘अपराजित’ या १९५६ सालच्या चित्रपटासाठी काशीतील एका घराचा चौक स्टुडिओत उभारण्यात आला होता. अशा चौकात वरून झिरपणारा सौम्य प्रकाश नेहमीच्या दिव्यांनी साधेना. तेव्हा मित्र यांनी वर पांढरे कापड ताणून बांधले, दिव्यांचा झोत त्यावर टाकला आणि परतून येणाऱ्या प्रकाशात चित्रण केले. जो परिणाम साधण्यासाठी त्यांना एवढी खटपट करावी लागली, तो खराखुरा चौक आपल्याला विनासायास देतो. शोधणाऱ्याला तो ओळखता आला पाहिजे, एवढेच.

छाया निवडताना दोन गोष्टी पारखून घ्याव्यात. पहिली म्हणजे छाया अखंड असावी. झाडाखाली उभ्या असलेल्या माणसाच्या तोंडावर पानांतून उन्हाचे कवडसे पडतात. आपल्या डोळ्याला ते सुखद वाटतात, कॅमेऱ्याला मात्र चेहऱ्यावर पांढरे डाग दिसतात. दाट पर्णभाराचे जुने वडाचे किंवा आंब्याचे झाड चालेल, विरळ पानांची बाभूळ चालणार नाही. दुसरी गोष्ट रंगाची. छायेतील प्रकाश ज्या वस्तूवरून परतून येतो तिचा रंग बरोबर घेऊन येतो. हिरवळीवर बसलेल्या माणसाच्या हनुवटीखाली हिरवी झाक येते, लाल दगडाच्या भिंतीजवळ तांबूस, आणि निळ्या आकाशाखाली निळसर. तांबूस झाक बहुधा खपून जाते, हिरवी मात्र त्वचेला आजारी कळा आणते. जागा इतर दृष्टींनी चांगली असेल, तर थर्मोकोलचा एक पांढरा तक्ता खाली अथवा बाजूला धरून हा दोष बराच कमी करता येतो.

पार्श्वभूमी

प्रकाश मनासारखा मिळाल्यावर माणसाच्या मागे काय आहे याकडे वळावे. उभ्या उभ्या पाहताना आपले मन नको त्या वस्तू गाळून टाकते. विजेच्या तारा, जाहिरातीचा फलक, पाण्याची टाकी, कडेला उभी असलेली मोटार या गोष्टी तेथे असतात, पण आपल्याला दिसत नाहीत. कॅमेरा त्यातील एकही वगळत नाही. यासाठी जुने छायाचित्रकार एक युक्ती सांगतात. डोळे किलकिले करून देखाव्याकडे पाहावे. तपशील विरघळतात आणि उजेड-अंधाराचे मोठे तुकडे तेवढे उरतात. त्यात जेथे सर्वांत तेजस्वी तुकडा असेल, तेथेच पाहणाऱ्याची नजर प्रथम जाणार. तो तुकडा चेहऱ्याच्या जागी नसून मागच्या पांढऱ्या आकाशात असेल, तर उभे राहण्याची जागा बदलली पाहिजे.

मागे खोली असणेही महत्त्वाचे आहे. भिंतीला टेकून उभ्या केलेल्या माणसापेक्षा भिंतीपासून आठ-दहा पावले पुढे आलेला माणूस अधिक उठून दिसतो, कारण मागची भिंत अस्पष्ट होते. समुद्राची अथवा तळ्याची क्षितिजरेषा मानेतून किंवा डोक्यातून जाऊ देऊ नये. कॅमेरा थोडा खाली अथवा वर घेतला की हे टाळता येते. परंतु तसे करण्यास जागा आहे की नाही, हे पूर्वपाहणीतच पाहावे लागते. मागे काठ आणि पुढे खड्डा असला, तर क्षितिज कोठेही असो, आपल्याला हलता येत नाही.

ऋतू

स्थळाला दिशा असते तसा काळही असतो. सत्यजित राय यांचा ‘पथेर पांचाली’ १९५५ साली प्रदर्शित झाला. त्याच्या चित्रीकरणाला १९५२ च्या ऑक्टोबरअखेरीस काशाच्या फुलांनी पांढऱ्याशुभ्र झालेल्या एका माळावर आरंभ झाला. पहिल्या दिवशी काम अर्धे राहिले, आणि आठवड्याने मंडळी परत आली तेव्हा माळ उजाड झालेला होता. दरम्यान गुरांनी सारी फुले खाऊन टाकली होती. उरलेल्या दृश्यासाठी पुढच्या हंगामापर्यंत थांबण्यावाचून इलाज नव्हता. चित्रपट दिग्दर्शकाला एक वर्ष थांबणे कसेबसे परवडले. लग्नाच्या जोडीला ते परवडणार नाही. म्हणून वहीत जागेच्या नावापुढे महिना लिहिलेला असला पाहिजे.

सातारा जिल्ह्यातील कासचे पठार पावसाळ्याच्या उत्तरार्धात फुलते आणि काही आठवड्यांतच ओसरते. कच्छचे पांढरे रण पावसाळ्यात पाण्याखाली असते. पाणी आटून मिठाचा थर धरला, म्हणजे हिवाळ्यात ते चित्रणाला योग्य होते. या पांढऱ्या भूमीचा एक विशेष गुण असा, की ती खालून प्रकाश फेकते आणि त्यामुळे डोळ्यांखालच्या छाया आपोआप भरून निघतात. उत्तर भारतात डिसेंबर-जानेवारीतील सकाळचे धुके कधी वरदान ठरते, तर कधी सारा दिवस हिरावून घेते. समुद्रकाठी पंचांगातील तिथीकडे लक्ष ठेवावे. भरतीची वेळ रोज साधारण पन्नास मिनिटांनी पुढे जाते, आणि अमावास्या-पौर्णिमेच्या सुमारास पाणी अधिक चढते व अधिक उतरतेही. ओहोटीनंतर ओल्या वाळूवर आकाशाचे प्रतिबिंब पडते ते याच वेळी मिळते. ओडिशात चांदीपूरला तर समुद्र काही किलोमीटर मागे हटतो. पण जो समुद्र मागे जातो तो परतही येतो, आणि खडकांवर उभ्या असलेल्या माणसाची पाठ समुद्राकडे असते, हे छायाचित्रकाराने विसरता कामा नये.

एक उदाहरण

आतापर्यंतचे विवेचन एका प्रत्यक्ष जागेला लावून पाहू. समजा, डिसेंबरमध्ये दिल्लीत एका कुटुंबाचे चित्र घ्यावयाचे आहे. आजी चाकांच्या खुर्चीवर आहेत, दोन लहान मुले आहेत, आणि सर्वांना दुपारी तीननंतरच सवड आहे. लोदी उद्यानाचा विचार आपण करीत आहोत.

या उद्यानात पंधराव्या-सोळाव्या शतकांतील सय्यद आणि लोदी घराण्यांच्या काळच्या इमारती आहेत. १९३६ मध्ये त्यांच्याभोवती बाग आखण्यात आली आणि १९६८ मध्ये तिची पुनर्रचना झाली. मध्यभागी बडा गुंबद आणि शीश गुंबद या दोन इमारती समोरासमोर आहेत, बडा गुंबद दक्षिणेला आणि शीश गुंबद उत्तरेला. हिवाळ्यात सूर्य दिवसभर दक्षिणेकडे राहत असल्यामुळे शीश गुंबदाची दर्शनी दक्षिण बाजू उन्हात असते, तर तिच्यासमोरची बडा गुंबदाची उत्तर बाजू छायेत असते. तेव्हा उजळ पार्श्वभूमी हवी असेल तर कॅमेऱ्याचे तोंड उत्तरेकडे करावे. पण येथे वर्दळ फार असते, आणि रविवारी तर मोकळा कोपरा मिळणे कठीण.

नैर्ऋत्येला थोड्या अंतरावर मुहम्मदशाह सय्यद याची कबर आहे. ही इमारत अष्टकोनी असून तिच्याभोवती कमानींचा व्हरांडा आहे. अष्टकोनाचा लाभ असा, की दिवसाच्या कोणत्याही वेळी तिच्या काही बाजू उन्हात आणि काही छायेत असतात. डिसेंबरमध्ये दुपारी साडेतीनला दिल्लीचा सूर्य नैर्ऋत्येस, क्षितिजापासून सुमारे २० अंशांवर असतो. म्हणजे दक्षिण, नैर्ऋत्य आणि पश्चिम या बाजूंवर कलते सोनेरी ऊन पडलेले असते, आणि ईशान्येकडील कमानींपुढे अखंड, मऊ छाया असते. आजींचे एकटीचे चित्र त्या छायेत घ्यावे. वृद्ध चेहऱ्याला तो प्रकाश मानवतो आणि उन्हाने त्यांचे डोळेही मिटत नाहीत. मुलांना नंतर उन्हाच्या बाजूला हिरवळीवर मोकळे सोडावे. सूर्यास्त साडेपाचच्या सुमारास होतो. म्हणजे या कामासाठी सुमारे दोन तास हाताशी आहेत.

आता उरलेले प्रश्न. फाटकापासून येथपर्यंत खुर्ची ढकलत नेता येईल असा रस्ता आहे काय? व्हरांड्याला पायऱ्या आहेत, तेव्हा खुर्ची खालीच ठेवून कमान मागे घ्यावयाची काय? स्वच्छतागृह किती दूर आहे? ऊन उतरताच थंडी वाढते, तर आजींची शाल कोण सांभाळणार? या प्रश्नांचा छायाचित्रणकलेशी संबंध नाही असे वाटेल. परंतु अवघडलेल्या, थकलेल्या माणसाच्या चेहऱ्यावर अवघडलेपणच उमटते, आणि ते घालविणारे भिंग अजून कोणी तयार केलेले नाही.

परवानगी आणि जागेचा मान

जागा उघड्यावर आहे म्हणजे ती सर्वांना सर्व कामांसाठी मोकळी आहे, असा गैरसमज पुष्कळदा आढळतो. १९५८ च्या कायद्याने संरक्षित केलेल्या राष्ट्रीय महत्त्वाच्या स्मारकांत प्रवाशाने साधे चित्र घेणे वेगळे, आणि ट्रायपॉड, दिवे व साहाय्यक घेऊन व्यवसायासाठी काम करणे वेगळे. दुसऱ्यासाठी पुरातत्त्व सर्वेक्षणाची पूर्वपरवानगी लागते. ताजमहाल शुक्रवारी बंद असतो, यासारखी साधी माहितीही आधीच करून घ्यावी. अभयारण्यांतील प्रवेशाला १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याची बंधने आहेत. ड्रोन उडविण्यास २०२१ चे नियम लागू आहेत. लोहमार्गावर उभे राहून चित्रे घेण्याची जी हौस अलीकडे दिसते ती १९८९ च्या रेल्वे कायद्याप्रमाणे गुन्हा तर आहेच, शिवाय ती अनेकांच्या जिवावर बेतलेली आहे. जी जागा धोक्याची आहे, ती कितीही सुंदर असली तरी यादीतून काढून टाकावी. ग्राहक हट्ट धरील. नाही म्हणण्याचे काम छायाचित्रकाराचेच आहे.

कायद्यात न लिहिलेले संकेतही असतात. काशीला मणिकर्णिका आणि हरिश्चंद्र या घाटांवर चिता जळत असतात; तेथे कॅमेरा उचलू नये. जुन्या गल्लीतील रंगीत दरवाजा आपल्याला पार्श्वभूमी वाटतो, पण तो कोणाच्या तरी घराचा दरवाजा असतो. ज्याच्या ओट्यावर आपण माणसे उभी करणार, त्याला आधी विचारावे, किती वेळ लागेल ते सांगावे आणि सांगितलेल्या वेळी निघून जावे. जमल्यास त्याला एक चित्र नेऊन द्यावे. पुढच्या खेपेस तोच माणूस दार उघडून आतला चौक दाखवितो, असा अनेकांचा अनुभव आहे.

फुलांच्या बाबतीत तर अधिकच काळजी हवी. कासला गर्दी वाढली, आणि रोज किती लोकांना सोडावयाचे यावर मर्यादा घालावी लागली. पठारावरील मातीचा थर अगदी पातळ आहे आणि त्यात वाढणाऱ्या वनस्पती त्याहून नाजूक आहेत. एका चित्रासाठी माणूस फुलांच्या मधोमध बसला, तर उठताना तो बी धरण्यापूर्वीच चिरडलेली रोपे मागे ठेवतो. एखाद्या जागेचा पत्ता चारचौघांत सांगण्यापूर्वी ती जागा किती पावले सोसू शकेल, याचाही विचार करावा.

वही

शेवटी नोंदींविषयी. आज उपग्रहाने घेतलेले नकाशे घरबसल्या पाहता येतात. कोणत्या दिवशी, कोणत्या वेळी सूर्य कोठे असेल, हे मोबाइलवरही कळते. या साधनांचा उपयोग अवश्य करावा. त्यामुळे दहा जागांपैकी सहा घरीच बाद करता येतात. परंतु उरलेल्या चार ठिकाणी पायी गेल्यावाचून गत्यंतर नाही. गेल्या महिन्यात बांधलेली भिंत, शेजारच्या गिरणीचा आवाज, नाल्याचा वास, दुपारी चारला सुटणारी शाळा यांचा पत्ता नकाशाला नसतो.

पाहणीला ज्या वेळी काम करावयाचे त्याच वेळी जावे. एका माणसाला सोबत न्यावे आणि त्याला निरनिराळ्या ठिकाणी उभे करून त्याचा चेहरा पाहावा. वहीत जागेचे नाव, तोंडाची दिशा, तारीख, वेळ, ऊन केव्हा येते व केव्हा जाते, छायेची ठिकाणे, परवानगी कोणाकडे मागावयाची, पाणी व आडोसा कोठे आहे, आणि पाऊस आल्यास जवळची दुसरी जागा कोणती, एवढे लिहावे. दर वर्षी पाच-सहा नवी पाने भरली, तरी दहा वर्षांत आपल्या गावाची अशी एक माहिती तयार होते, जी कोणत्याही छापील मार्गदर्शिकेत मिळत नाही. जुनी पानेही अधूनमधून ताडून पाहावीत, कारण झाडे वाढतात, इमारती उठतात, तळी आटतात. वहीवर विसंबून, पुन्हा न पाहता, कोणालाही एखाद्या जागी बोलावू नये. ज्या आजींनी त्या एका चित्रासाठी सकाळपासून तयारी केली आहे, त्यांना फाटकाशी पोहोचल्यावर काम चालू असल्याने बाग बंद असल्याची पाटी वाचावी लागणे, यासारखी खेदाची गोष्ट नाही. आणि आदल्या दिवशीच्या एका फेरीने ती टळण्यासारखी असते.